बाहेरून दिसलेली खोली

शिलाई मशीन दुरुस्त करण्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. जुन्या मशीनचे सुटे भाग आता मिळत नसत, म्हणून तिने एकेकाचे फोटो काढून माहिती लिहिली आणि तळहातावर मावेल एवढ्या कॉम्प्युटरवर त्याचं वेबपान चढवलं. घरात ते झकास दिसे. दूरच्या शहरातल्या धाकट्या भावाला मात्र काहीच दिसेना.

फोनवर भावाने समजावलं, की घरात एकामागे एक दोन राउटर आहेत, म्हणजे दोन दारं. बाहेरून पान बघायला येणाऱ्या पाहुण्याला पहिल्याने दुसऱ्याकडे धाडायचं, दुसऱ्याने छोट्या कॉम्प्युटरला राउटरने दिलेल्या नंबरावर. ताईने चिकाटीने दोन्हीकडे तसं भरलं. तेवढ्यात वीज गेली आणि आली. ती दुरुस्तीला आलेलं मशीन चालवून बघत बसली आणि फोनवर भावाला म्हणाली, आता पान उघड.

भावाने पान उघडलं.

"ताई, मशीन कुठलं? मला बाबा दिसतायत."

अर्धांगवायूने वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या बाबांवर लक्ष राहावं म्हणून मागच्या खोलीत तिनेच कॅमेरा लावला होता. वीज आल्यावर राउटरने नंबर नव्याने वाटले आणि कॉम्प्युटरचा नंबर कॅमेऱ्याला गेला. त्याला पासवर्डही नव्हता. ज्यांना ती शेजाऱ्यांसमोरही उघडं पडू देत नसे, ते बाबा साऱ्या जगासमोर होते. तिने राउटरची वायर उपटायला हात घातला.

"थांब," भाऊ म्हणाला. "बाबा उभे आहेत."

वायर उपटून ती धावली. खिडकीचा गज धरून बाबा खरंच उभे होते. पाय लटपटत होते, सदरा घामाने भिजला होता. तिने त्यांना कसंबसं पलंगावर बसवलं आणि तिथेच फरशीवर बसली.

"मशीन वाजायला लागलं, की तू कॅमेऱ्याकडे बघत नाहीस," बाबा अडखळत म्हणाले. "तेव्हाच मी उठायचा सराव करतो. तुझ्यादेखत पडलो असतो, तर तू पुन्हा उठू दिलं नसतंस."

हे खोटं नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं. आपण रोज त्यांना पाहतो असं ती सगळ्यांना सांगत आली होती.

संध्याकाळी तिने छोट्या कॉम्प्युटरला कायमचा नंबर बांधून दिला आणि कॅमेऱ्याला पासवर्ड घातला. भावाला पान दिसलं, पण त्याचं लक्ष त्यात नव्हतं. बाबांना पुन्हा दाखव, एवढंच तो म्हणत राहिला.

"दाखव की," बाबा म्हणाले. "पण या वेळी मला विचारून. आणि आधी सदरा बदलू दे."

ताई सदरा आणायला उठली.