टेम्पो मागे आला नव्हता

अंबरनाथच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. म्हणूनच त्या अपघातानंतर धाकट्या भावाला माझी आठवण झाली. आनंदनगर एमआयडीसीच्या रस्त्यावर त्याची गाडी एका टेम्पोत मागून घुसली होती. भाताच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो कडेला उभा होता. टेम्पोवाला बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा. त्याची बायको पोत्यांवर बसली होती, ती रस्त्यावर फेकली गेली आणि तिचा खुबा मोडला. भावाला खरचटलंसुद्धा नाही.

"ताई, टेम्पोच मागे आला गं. हँडब्रेक लावला नव्हता त्याने. मी तीसच्या आत होतो. तू लिहून दे ना, फिजिक्सवालीचं कोण खोडणार?"

मी त्याच्यावर विश्वास ठेवून मोजायची टेप घेऊन तिथे गेले. एकमेकांत अडकलेल्या दोन्ही गाड्या चार मीटर पुढे घसरल्या होत्या. टेम्पोच्या मागच्या चाकांचे काळे पट्टे डांबरावर तसेच होते. म्हणजे चाकं जाम होती, हँडब्रेक लावलेला होता.

घरी येऊन गणित मांडलं. टेम्पो गाडीच्या दुपटीने जड. घसरलेल्या अंतरावरून धडकेनंतर दोन्हींचा एकत्र वेग ताशी वीस किलोमीटर निघाला. संवेग तेवढाच राहतो, म्हणजे धडकेआधी एकट्या गाडीचा वेग साठ. टेम्पो खरंच मागे येत असता, तर भाऊ साठच्याही वर निघाला असता. मी तीनदा करून पाहिलं.

त्याला कागद दाखवला. त्याने बघितलाही नाही.

"तू माझी बहीण आहेस की त्याची वकील?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आपल्याच माणसाला अडकवायला शिकवलं का तुला एवढं?"

मी कागद कपाटात ठेवला. टेम्पो मागे आला असंच पोलिसांच्या कागदावर नोंदलं गेलं. टेम्पोवाल्याचं लायसन्स गेलं. मला कोणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून गेले नाही.

त्याच महिन्यात वर्गात अप्रत्यास्थ टक्कर आली: एक वस्तू दुपटीने जड, थांबलेल्या वस्तूवर आदळते आणि दोन्ही चिकटून पुढे जातात. एका मुलीने विचारलं, "मॅडम, दोन तृतीयांश ऊर्जा जाते कुठे?"

"पत्रा चेपण्यात, उष्णतेत, आवाजात," मी म्हणाले. पुस्तकात एवढंच आहे.

पाड्यावरून येणाऱ्या भाजीवालीकडून कळलं, टेम्पोवाल्याच्या बायकोला आता भाताच्या लावणीला वाकता येत नाही. दिवाळीत भावाने नवी गाडी आणली. "ताई, चल, बदलापूरपर्यंत चक्कर मारू," म्हणाला. मी पुढच्या सीटवर बसले आणि पट्टा घट्ट लावला.