कात्रीबाईंची भागीदारी

ती दैनिकाची वकील, पण तिथे तिला सगळे कात्रीबाई म्हणायचे. अडचणीची प्रत्येक बातमी छपाईआधी तिच्या टेबलावर यायची आणि कोर्टात अंगाशी येईल असं वाक्य ती लाल पेनाने उडवायची. वार्ताहर कुरकुरायचे, पण अकरा वर्षांत दैनिकावरचा एकही खटला टिकला नाही, हेही तेच कौतुकाने सांगायचे.

मग एक दिवस मोठ्या साहेबांचा फोन आला. त्यांच्याच फर्ममध्ये तिने वकिलीचे पहिले धडे गिरवले होते.

"किती दिवस दुसऱ्यांची वाक्यं खोडत बसणार? परत ये. या खेपेला पार्टनर म्हणून."

नवरा म्हणाला, "म्हणजे आता तुझ्याशी भांडायचं तर अपॉइंटमेंट घ्यावी लागणार." ती हसली. पन्नाशी जवळ आली होती आणि 'पार्टनर' हा शब्द ऐकायला तिचे कान आसुसले होते.

सामान न्यायला फर्मनेच गाडी पाठवली. डायऱ्यांचं खोकं ती स्वतः नेणार होती, पण निरोपाच्या गडबडीत तेही गाडीत चढलं. संध्याकाळी पोचायचं ते दोन दिवसांनी पोचलं.

पहिल्या दिवशी जुन्या टायपिस्ट अक्का कॉरिडॉरमध्ये भेटल्या आणि मान खाली घालून पुढे निघाल्या.

"अक्का, ओळखलं नाहीत?"

"ओळखलं गं," त्या म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत. तिच्या मनात पाल चुकचुकली.

चौथ्या दिवशी साहेबांनी तिला बैठकीला बोलावलं. समोर रंगाच्या कारखान्याचा मालक बसला होता. त्याचा कारखाना नदीत विषारी पाणी सोडतो आणि तपासणीचे खोटे आकडे दाखवतो, अशी बातमी दैनिकाने वर्षापूर्वी छापली होती. ती बातमी तिनेच तपासून पुढे सोडली होती. आता मालकाने अब्रुनुकसानीचा दावा लावला होता.

"मला इथे बसता येणार नाही," ती उठली. "मी त्यांची वकील होते."

"अगं, तुला कोण काय विचारतंय?" साहेब म्हणाले.

मालक तिच्याकडे बघून हसला. "बाईंना विचारण्यासारखं आता काही राहिलंच नाही."

केबिनमध्ये येऊन तिने खोकं ओढलं. तिने लावलेली चिकटपट्टी मधोमध कापलेली होती आणि तिच्यावर बेमालूम दुसरी चिकटवली होती. तळाशी ठेवलेली गेल्या वर्षीची डायरी सगळ्यात वर होती. तिच्यातल्या एका पानावर कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईचं नाव आणि पत्ता होता. खरे आकडे त्याच बाईने बाहेर आणून दिले होते.

तिने लगेच फोन लावला. बाईचा फोन बंद होता. ती तशीच रिक्षा करून बाईच्या घरी गेली. दाराला कुलूप.

"काल दोघं जण आले होते," शेजारीण म्हणाली. "फार गोड बोलत होते हो. आज सकाळी लेकीला घेऊन ती निघून गेली. कुठे, ते सांगितलं नाही."

तिने संपादकांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ते नाव आपल्या दोघांनाच ठाऊक होतं," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

तिने साहेबांना जाब विचारला. त्यांनी आवाजही चढवला नाही. "खोकं वाटेत उचकटलं असेल. कर ना तक्रार. पण पहिला प्रश्न तुलाच येईल. ते नाव लिहून का ठेवलंस? आणि आमच्या गाडीत कसं चढू दिलंस?"

दोन दिवस ती मुकाट्याने कामावर जात राहिली. तिसऱ्या दिवशी जिन्यात अक्कांनी तिचा हात धरला.

"त्या पानांच्या झेरॉक्स मीच काढल्या. तुलाच हव्यात असं मला सांगितलं होतं. खोटं होतं ते, मागाहून कळलं. पण सही मागू नकोस गं माझी."

तिने मागितली नाही. प्रतिज्ञापत्र लिहायला बसली आणि पहिल्या परिच्छेदात स्वतःची चूक लिहिली. ते वकिलांच्या परिषदेत दिलं, राजीनामा साहेबांच्या टेबलावर ठेवला. भागीदारी पुरते तीन आठवडेही टिकली नव्हती.

परिषदेने आधी तिचीच सनद वर्षभरासाठी काढून घेतली. साहेबांची चौकशी अजून चालूच आहे.

सात महिन्यांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. प्रयोगशाळेतली बाई होती.

"जिवंत आहे. लेक शाळेत जाते. कळवावंसं वाटलं."

"कुठे आहात?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्हाला नाही सांगणार, बाई."