मिस्त्रीनं काढलेल्या तारा

मेहुण्याचा पहिला ठोसा मिस्त्रीच्या जबड्यावर बसला, दुसरा कानशिलावर. तिसरा बसायच्या आत मिस्त्रीनं त्याचा कोट धरून त्याला कपाटावर आदळलं. कपाटाची काच खळकन फुटली. दोघांचीही पन्नाशी उलटलेली. एकमेकांच्या कॉलरी धरून धापा टाकत उभे राहिले, कारण सोडलं असतं तर दोघंही पडले असते.

"रविवारी गाडी घेऊन येतो," मेहुणा म्हणाला. "ताईला नेतो ती कायमची. आडवा आलास तर उभा चिरीन."

आतल्या खोलीत ताई, म्हणजे मिस्त्रीची बायको, कपड्यांच्या घड्या घालत होती. उजव्या हातानं. डाव्या हाताची मधली दोन बोटं आता वाकत नव्हती.

मिस्त्री तारांची वाद्यं दुरुस्त करायचा. गल्लीत त्याचं नाव ठिणगी. तोंडावर म्हणायची अर्थात कुणाची टाप नव्हती. एकदा एका गिऱ्हाइकानं गिटारची मान वाकडी बसवलीय म्हटलं, तर यानं गिटार गुडघ्यावर घेऊन काडकन मोडली. मग तीन दिवस खाली मान घालून तीच गिटार जोडून दिली, आणि अशी जोडली की सांधा सापडेना. मोडणं आणि जोडणं, दोन्हीत हात बसलेला. त्यामुळे त्याची एक पक्की समजूत झाली होती, की जे मोडतं ते जोडता येतं. घरातल्या कपबशा, खुर्च्या, एकदा बायकोचा दात, सगळं त्यानं नंतर निस्तरलं होतं. दात अर्थात डॉक्टरनं बसवला, पण घेऊन गेला हाच.

तीन महिन्यांपूर्वी तो एका पियानोच्या तारा लावत होता आणि पलीकडच्या खोलीत बायको ऑटोहार्प वाजवत होती. त्यानं दोनदा ओरडून सांगितलं, बंद कर. मग ती दारात काहीतरी बोलायला आली आणि यानं दार आपटलं. चौकटीवर तिची बोटं होती. "मी दार आपटलं, हात तिनं घातला," असं त्यानं दवाखान्यात सांगितलं. चोराच्या उलट्या बोंबा! डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि काही लिहून घेतलं.

तेव्हापासून ऑटोहार्प भिंतीला टेकून होती. छातीशी धरायची लाकडी पेटी, छत्तीस तारा, वर पंधरा आडव्या दांड्या. दांडी दाबली की तिच्या पोटाशी चिकटवलेले नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तुकडे नको त्या तारांचं तोंड दाबतात आणि हव्या तेवढ्या वाजू देतात. पंधरा दांड्यांवर नाचायला पाच बोटं लागतात. तिच्याकडे उरली होती तीन.

मेहुणा गेल्यावर मिस्त्रीनं जबडा चोळला आणि पेटी टेबलावर घेतली. त्याच्या डोक्यात हिशेब साधा होता. ती पुन्हा वाजवू लागली, तर ती राहील. वाजवू शकली नाही, तर रविवारी जाईल, आणि मग या घरात तो आणि त्याचा राग, दोघंच.

उपाय त्याला ठाऊक होता. वाद्य डायटॉनिक करायचं, म्हणजे एकाच पट्टीत बांधायचं. बारा सुरांतले त्या पट्टीचे सात ठेवायचे, उरलेल्या पाचांच्या तारा काढायच्या आणि त्या जागी शेजारच्याच सुराची जोडतार चढवायची. दांड्या सहा पुरतात. बेसूर तार मुळी उरतच नाही. शिवाय जोडतारांनी आवाज दुप्पट भरतो.

बायकोला त्यानं विचारलं नाही. विचारायची सवयच नव्हती.

तारा उतरवतानाही वाद्याच्या जिवावर बेततं. एका अंगाच्या तारा भसकन सोडल्या तर लाकूड पिळवटतं. म्हणून प्रत्येक खुंटी चावीनं पाव वळसा, आळीपाळीनं. ठिणगीला पाव वळसे! दुसऱ्याच दिवशी एक गंजकी तार सटकन तुटली आणि त्याची भुवई फाडून गेली. त्यानं हातोडा उचलला, पेटीवर उगारला, आणि रक्त डोळ्यात जाईस्तोवर तसाच उभा राहिला. मग हातोडा खाली ठेवला. एवढ्यावरच तो स्वतःवर इतका खूश झाला की बायकोला सांगायला आत गेला. ती म्हणाली, "कापूस फडताळात आहे."

जुना नमदा त्यानं पात्यानं खरवडून काढला, नवा चिकटवला, तार न् तार मोजून खाचा पाडल्या. ती कप कसा धरते हे चोरून बघून तर्जनी, करंगळी आणि अंगठा पोचेल अशा बेतानं बटणं बसवली. त्याच्या बोटांच्या टोकांत तारेची कुसं घुसली. नव्या तारा ताणतात म्हणून शनिवारभर पुन:पुन्हा सूर लावत बसला.

रविवारी सकाळी त्यानं पेटी तिच्या मांडीवर ठेवली. दाराशी तिची बॅग भरून तयार होती.

"वाजव," तो म्हणाला. आज्ञाच.

तिनं एक दांडी दाबली आणि उजवा हात फिरवला. खोली भरून गेली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि ते पाहून मिस्त्रीला वाटलं, जिंकलो. तिनं एक चाल सुरू केली. तीन बोटं हळूहळू वाट काढत होती. मग ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, पुन्हा तिथंच थांबली. नखानं एकेक तार चाचपली.

"इथली तार कुठंय?"

"ती काढली. लागत नव्हती."

"कुणाला?"

त्यानं टेबलावरची चावी उचलली आणि परत ठेवली.

"आईची चाल आहे ही," ती म्हणाली. "शिवण शिवताना म्हणायची. इथं एक सूर असा खाली उतरतो. त्या एका सुरासाठीच म्हणायची ती. सव्वीस वर्षं तुमच्या भिंतीपलीकडे मी रोज हेच वाजवलं."

त्याला ही चाल आठवेना. आठवत होतं ते फक्त 'बंद कर' म्हणून ओरडणं. आणि लाज वाटली की त्याला जे व्हायचं तेच झालं.

"आठ दिवस मर मर मेलो!" त्याची मूठ टेबलावर आदळली. "भुवई फाडून घेतली! एका तारेपायी तोंड वाकडं करतेस? लावून देईन ना एक तार!"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते हेच.

तिनं टेबलावरची कात्री उचलली, तारा कापायची, आखूड तोंडाची. आणि ताणलेल्या तारेला लावली. ताड! तार उसळून तिच्या गालावरून गेली, लाल रेघ उमटली. तिनं दुसरी कापली. तिसरी. डोळे सताड उघडे ठेवून.

 याच धंद्यात तार उसळून फुटलेला एका माणसाचा डोळा मिस्त्रीनं टेबलावर गळताना पाहिला होता. राग कुठल्या कुठे पळाला. तिचे डोळे झाकायला त्यानं झपकन हात पुढं केला.

कात्री खाली पडली. ती अंग चोरून खुर्चीत मुटकुळं करून बसली, दोन्ही हात डोक्यावर, वाकणारी बोटं आणि न वाकणारीही. डोळे घट्ट मिटून ती वाट बघत राहिली. पेटी मांडीवरून घसरून जमिनीवर आपटली, उरलेल्या तारा घुमत राहिल्या.

"अगं, मारत नाहीये," तो म्हणाला. "खरंच नाही मारत. डोळे... डोळे सांभाळत होतो तुझे."

तिनं हात खाली घेतले नाहीत. तो एक पाऊल मागं सरला, मग आणखी एक. पाठ भिंतीला लागली तेव्हा कुठं तिनं एक डोळा उघडून तो किती लांब आहे ते पाहिलं.

मग ती उठली, बॅग घेतली आणि समोरच्या भिंतीच्या कडेकडेनं, त्याच्या हातांवरची नजर न काढता, दाराबाहेर पडली.