हेल्मेटातली खोली

आमच्या घरी सकाळची कौटुंबिक प्रार्थना बाबा करायचे, आणि ती इतकी लांब असायची की सुरुवातीला गॅसवर चढवलेला कुकर 'आमेन'पर्यंत गंजून जायचा. अतिशयोक्ती वाटत असेल तर गुरुवार पेठेत कोणालाही विचारा. शेजाऱ्यांनी घरातलं घड्याळ काढून टाकलं होतं. बाबांचं 'हे परमकृपाळू सनातन पित्या' ऐकू आलं की ते मुलांना उठवायचे आणि बाबा आफ्रिकेत पोचले की शाळेला पिटाळायचे. हो, आफ्रिकेत. बाबा आधी घरासाठी, मग चर्चच्या मंडळीसाठी, मग खडकवासल्याच्या पाण्यासाठी आणि त्यानंतर एकेक खंड घेऊन प्रार्थना करायचे. सोव्हिएत संघ कोसळल्यावरही कित्येक महिने ते त्याच्या पुढाऱ्यांना सद्बुद्धी मागत होते. मधेच डोळे उघडून सांगणार कोण?

पुढे हिंजवडीच्या माळावर काचेच्या इमारती उगवल्या आणि त्यातल्या एकीत मला नोकरी लागली. मी कॉम्प्युटरपुढे बसून अमेरिकेतल्या कुठल्याशा विमा कंपनीच्या चुका दुरुस्त करायचो आणि अमेरिका उठली की नव्या चुका पाठवायची. त्याच सुमाराला आमच्या पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, "बापाच्या प्रार्थनेवर किती दिवस जगाल? रोज खोलीत जा, दार लावा आणि देवाशी स्वतःचं असं बोला."

कल्पना मला फार आवडली, पण खोली कुठून आणू? आमच्या दोन खोल्या. एकीत बाबा आणि पाच खंड, दुसरीत आई आणि गंजलेला कुकर. दार लावून बसावं अशी एकच जागा होती, आणि तिच्या बाहेर अख्खा वाडा बादल्या घेऊन उभा असायचा.

देवाने माझी सोय केली ती कंपनीच्या वॉचमनकरवी. हेल्मेटशिवाय दुचाकी आत सोडायची नाही, असा त्याला हुकूम होता. पुण्यात त्या काळी स्वखुशीने हेल्मेट घालणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने बघायचे, त्या नजरेने सुटलेल्या कैद्याकडेही बघत नसतील. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी सायकल माझ्या स्कूटरला टेकवून विचारलं, "अहो, आत जपण्यासारखं काही आहे, की नुसतंच झाकलंय?"

मी रागाने काच खाली पाडली, आणि काय सांगू! शहर बंद झालं. हॉर्न, रिक्षा, आजोबा, सगळे दूर कुठेतरी विहिरीच्या तळाला गेल्यासारखे. आत फक्त माझा श्वास. खोली! दारासकट! मी हळूच म्हणालो, "देवा, आहेस का?"

त्या दिवसापासून विद्यापीठ चौकाच्या सिग्नलला आमची रोजची बैठक ठरली. बाबांसारखी भाषा मला जमेना, म्हणून मी आपली माझीच वापरली. "देवा, तो रिक्षावाला बघ, तुझंच लेकरू, पण हात दाखवायला शिकवलं नाहीस." सुरुवातीला मी नुसता मागायचो. मग भांडू लागलो. मग ऑफिसातले विनोदही सांगू लागलो आणि शेवटाला स्वतःच आधी हसू लागलो. एकदा तर मागायला, भांडायला, सांगायला काहीच उरलं नाही. मी गप्प बसलो. तोही गप्प. दोन जुने मित्र कट्ट्यावर बसतात ना, न बोलता, तसं. सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला. हॉर्न औंधपर्यंत ऐकू जात होते, वाकडच्या म्हशी बिथरल्या म्हणतात, आणि मी आत आनंदाने तरंगत होतो. चाकं जमिनीवर होती का, हे मी शपथेवर सांगणार नाही.

तेवढ्यात नाताळ आला, आणि खडकीच्या मंडळीत गाणाऱ्यांच्या दुसऱ्या रांगेत मला ती दिसली. बाकी सगळे वर बघून गात होते. ही एकटी पुढच्याच्या टोपीचा गोंडा हळूहळू उसवत गात होती. झालं. त्यानंतर सिग्नलला दुसरा विषय नाही. देवाला तिची इतकी माहिती दिली की त्याने स्वतः घडवताना तिच्याकडे एवढं लक्ष दिलं नसेल.

मध्यस्थ गाठून आईने रीतसर बोलणी लावली आणि एका रविवारी उपासनेनंतर आम्ही खडकीला त्यांच्या घरी गेलो. आई-बाबा रिक्षाने, मी स्कूटरने. सलाम झाले, पोहे आले. मुलीचे वडील कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलणं पान्याने घट्ट आवळल्यासारखं. त्यांच्या शेजारी त्यांची बहीण, म्हणजे मुलीची आत्या. तिने माझ्या हातातलं हेल्मेट पाहिलं आणि तिचा चमचा थांबला.

"दादा, हाच तो!" आत्या म्हणाली. "मी बसमधून रोज बघते. विद्यापीठाच्या सिग्नलला हे लाल हेल्मेट एकटंच बडबडतं. हातवारे करतं. परवा तर हसत होतं, मेलं!"

आईने माझ्याकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं. मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. तिने एकदा नाही म्हणून मान हलवली असती तर माझा कारभार तिथेच आटोपला असता.

"कोणाशी बोलता?" तिच्या वडिलांनी विचारलं.

थाप मारायला माझ्यासारखा माणूस पुण्यात दुसरा नव्हता. पण त्या दिवशी एकही सुचली नाही. "देवाशी," मी म्हणालो.

"असं? आणि तो काय म्हणतो?"

"बहुतेक ऐकून घेतो."

"मग चालू द्या. आम्हीही ऐकू."

इतरांत मुलीला गाणं म्हणायला लावायचे, आमच्यात मुलाला प्रार्थना करायला लावायचे. मी उभा राहिलो, डोळे मिटले. "हे परमकृपाळू सनातन..." आणि पुढे डांबर संपलेला रस्ता. "पित्या," बाबा कुजबुजले. "पित्या," मी म्हणालो. बाहेर कावळा ओरडला, तेही मला प्रॉम्प्टिंगच वाटलं. मी डोळे उघडले.

"एक मिनिट हं," म्हणालो, हेल्मेट घातलं, पट्टा लावला आणि काच खाली पाडली.

आत गेल्याबरोबर जिवात जीव आला. "देवा, मी. आज सिग्नल नाही, खडकी आहे. फार घाबरलोय. ही मुलगी मला किती आवडते ते तुला रोज सांगतो, तू कंटाळला असशील. पण तिला काय हवं ते मला ठाऊक नाही, तुला आहे. तेच होऊ दे. ती नाही म्हणाली तर उद्या सिग्नलला ये, मी रडणार आहे. हो म्हणाली तरी ये. आणि आत्याबाईंची नजर अशीच शाबूत ठेव, नव्या चष्म्याचा खर्च वाचेल. आमेन."

काच वाफेने पांढरी झाली होती. कोणाला एक अक्षर कळलं नसणार, अशा खात्रीने मी ती उचलली, तर आत्याबाई माझ्याकडे रोखून बघत चष्मा पुसत होत्या. मला पहिल्यांदाच कळलं, ही खोली आतून बंद होते, बाहेरून नाही! म्हणजे विद्यापीठ चौकाने माझी सगळी प्रेमकहाणी हप्त्याहप्त्याने ऐकली होती.

"आमेन," दारातून आवाज आला. तिचा. ट्रेमधले कप किणकिणत होते, इतकी ती हसत होती.

तिचे वडील पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले, "आटोपशीर आहे. प्रार्थनेनंतर पोहे गरम, हे या घरात प्रथमच घडतंय." बाबांना ते लागलं.

"तुझं काय म्हणणं?" वडिलांनी मुलीला विचारलं.

"मला वेगळं हेल्मेट लागेल," ती म्हणाली. "माझंही बोलणं असतं."

लग्नानंतर तीही हिंजवडीला लागली, लोकांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या कामावर. सकाळी विद्यापीठ चौकात आमच्या दोन खोल्या एकामागे एक उभ्या राहायच्या. पुढच्या खोलीत माझी बैठक, मागच्या खोलीत तिची, आणि तिच्यात माझाच विषय. "देवा, हा ओला टॉवेल पलंगावर टाकतो. देवा, माझ्या आईशी दोन शब्द धड बोलत नाही." ती माझ्या कानामागेच बसलेली, मला सगळं ऐकू यायचं. संध्याकाळी टॉवेल दोरीवर, आणि मी सासूबाईंशी फोनवर इतका बोलायचो की त्याच आता जेवायला जाऊ का म्हणून विचारायच्या. बायको मंडळीत साक्ष द्यायची, "प्रभू माझ्या प्रार्थनेचं उत्तर त्याच दिवशी देतो!" मी मान खाली घालून हसायचो. आपली लबाडी कोणाला कळत नाही या समाधानात कितीतरी दिवस गेले.

मग एका सकाळी, सिग्नल लाल असताना, एकदम आठवलं. हेल्मेटातलं बाहेर ऐकू येतं हे खडकीच्या त्या खोलीत, दारात ट्रे धरून उभं असताना, सगळ्यात आधी कळलं कोणाला होतं?

मी काच घट्ट खाली पाडली. "देवा, तुला हे पहिल्यापासून माहीत होतं?"

मागच्या हेल्मेटातून हसू आलं.