कुरुळीमागची टेकडी, एक लाल थर आणि मी

लोक प्रवासवर्णन लिहितात ते लडाखचं, नाहीतर निदान कोकणाचं. माझा प्रवास भोसरी ते कुरुळीच्या मागची टेकडी एवढाच. जेमतेम पंधरा किलोमीटर. ही टेकडी मी पाच वर्षं चाकणच्या बसमधून बघत आले आणि तिच्याकडे बघून मला कधी काही वाटलं नाही. पण दोन दिवस तिच्यावर फिरून आले तेव्हा जेवढी गोंधळले होते, तेवढी आयुष्यात कधी गोंधळले नव्हते. म्हणून हे लिहिते आहे.

आधी माझ्याबद्दल. मी सिव्हिल डिप्लोमा. भोसरीतल्या एका मोजणीवाल्यांकडे टोटल स्टेशन चालवते, म्हणजे तिपाईवरचं ते यंत्र, ज्यातून एक डोळा मिटून बघणारी माणसं तुम्ही रस्त्याकडेला पाहिली असतील. प्लॉटच्या हद्दी, कंपन्यांच्या शेडचे कोपरे, असलं काम. कंटाळा आला होता असं नाही, पण पाच वर्षं चौकोनच मोजत होते. मग एक जाहिरात दिसली: खनिज शोधणाऱ्या एका कंपनीला फील्ड सर्व्हेअर हवेत, काम विदर्भातल्या जंगलात, वर्षातले आठ महिने कॅम्प. पगार आत्ताच्या दीडपट. अर्ज केला. फोन आला की मुलाखत नाही, दोन दिवस प्रत्यक्ष टेकडीवर काम करून नकाशा द्यायचा. ज्याचा नकाशा पटेल त्याला घेऊ.

पप्पांना सांगितलं. ते एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहेत, तीस वर्षं मायक्रोमीटर हातात. ते म्हणाले, "आधी ते नकाशाचं बघ. मग बोलू." आमच्या लातूरकडे याचा अर्थ 'नाही' असाही होतो आणि 'बघू' असाही. मला कळलं नाही कोणता.

पहिला दिवस. जाणार असाल तर एकच सांगते, सहाच्या आत भोसरी सोडा. पहिल्या शिफ्टच्या कंपनी बसेस एकदा मोशीच्या पुढे लागल्या की मग तुमचं काही खरं नाही. मी स्कूटरवर पावणेसहाला निघाले आणि साडेसहाला कुरुळीत पोहे खात होते. पोहे बरे होते, चहा फार गोड. वर टेकडीवर पाणीबिणी काही मिळत नाही, दोन बाटल्या जवळ हव्यातच. टोपी विसरू नका. मी विसरले.

आम्ही चार उमेदवार होतो. परीक्षा घ्यायला जोगळेकर सर, निवृत्त भूवैज्ञानिक, उंच, बारीक, गळ्यात भिंग. त्यांनी टेकडीचे चार भाग केले आणि एकेकाला एकेक वाटून दिला. मला पूर्वेची बाजू आली.

मी विचारलं, "सर, इथे खनिज कुठलं शोधायचं?"

"काहीच नाही. सगळा काळा दगड आहे. पण लाव्हा एकदा आला, थंड झाला, वर माती झाली, मग पुन्हा लाव्हा आला आणि ती माती भाजली. तो भाजलेला लाल थर या टेकडीत कुठेतरी आहे. तुमच्या बाजूला तो कुठून कुठे जातो, एवढं काढून द्या. लोखंड शोधताना हेच करायचं असतं, फक्त थर वेगळा."

सोपं वाटलं. मग त्यांनी आमची यंत्रं गाडीत ठेवून घेतली आणि हातात दिलं काय? होकायंत्र, हातोडी, पेन्सिल, वही आणि एक साधा जीपीएस. अंतर पावलांनी मोजायचं. त्यासाठी आधी सपाटीला शंभर मीटरची टेप टाकून प्रत्येकाने आपली पावलं मोजली. माझी एकशे अडतीस भरली. मिलिमीटरमध्ये बोलणारी मी, आता पावलांमध्ये बोलायला लागले.

पहिले दोन तास मी नुसती फिरले. दगड काळा, त्याच्या शेजारचा दगड काळा, त्याच्यापलीकडचाही काळा. सर म्हणाले होते की हातोडीने फोडून ताजा भाग बघा. फोडला. आतून जरा जास्त काळा होता. वहीत काय लिहू? "काळा" असं किती वेळा लिहिणार? पलीकडच्या बाजूचा एक मुलगा एमएस्सी झालेला, तो सारखा खाली बसून काहीतरी लिहीत होता. त्याला काय दिसतंय ते मला कळेना.

अकराच्या सुमाराला टेकडीच्या मध्यावर, जुनी खाण सोडून दिलेली आहे तिथे, मला लाल पट्टा दिसला. हातभर जाड, विटेसारखा. मी अक्षरशः ओरडले. जीपीएस घेतला, उंची घेतली, खुणेला पिवळी रिबीन बांधली. पुढे झाडोऱ्यात पट्टा दिसेनासा झाला. मी उतरत उतरत शोधत राहिले आणि दुपारी पायथ्याजवळ, एका नव्याने खणलेल्या चरात, पुन्हा लाल! चांगला गुडघाभर जाड. पण वरच्यापेक्षा वीस-बावीस मीटर खाली.

आता हे काय? थर आडवा असतो असं सरांनी सांगितलेलं. मग इथे तो खाली कसा आला? मला पुस्तकात वाचलेला शब्द आठवला: भ्रंश. जमीन तुटून एक बाजू खाली खचते तो. भोसरीची मुलगी, पहिलाच दिवस, आणि भ्रंश सापडला! मी चराच्या काठाने चार रिबिनी बांधल्या.

तेवढ्यात एक गृहस्थ आले. पांढरी टोपी, पायात मात्र कंपनीचे सेफ्टी शूज. नंतर कळलं की ते बाजूच्या जमिनीचे मालक, सगळे त्यांना तात्या म्हणतात, आणि शेतापेक्षा भाड्याच्या खोल्यांवर त्यांचं घर चालतं.

"ताई, कुनाची मोजनी चाललीय?"

"सर्व्हे आहे," मी वहीतून मान वर न करता म्हटलं.

"रस्ता जातोय का हितनं?"

"मला नाही माहीत. बरं, ही लाल माती इथे पहिल्यापासून आहे का?"

त्यांनी आधी माझ्या वहीकडे बघितलं. "व्हय, व्हय. आज्याच्या काळापास्नं हाय."

संपलं. साक्षीदारही मिळाला. संध्याकाळी मी वरचा थर, खालचा थर आणि मधला भ्रंश अशी सुरेख रेषा काढून सरांना दाखवली. सरांनी भिंगातून कागद बघितला. "हं," म्हणाले. "उद्या पुन्हा जा." शाबासकी की शिव्या? घरी येईपर्यंत मी ते 'हं' वेगवेगळ्या सुरांत म्हणून बघत होते.

दुसरा दिवस. पोचले तर चरापाशी बांधलेल्या रिबिनी गायब. चारही. नकाशा चार वाजता द्यायचा होता आणि माझ्या खालच्या सगळ्या खुणा गेल्या होत्या. रडूच यायला लागलं. मी पावलं मोजत पुन्हा सुरुवात केली, आणि मोजता मोजता एक गोष्ट खटकली. लाल पट्टा चरात जिथे संपत होता तिथे तो एकदम सरळ संपत होता. आणि त्याची कड बरोबर काटकोनात वळत होती. काटकोन मी ओळखते हो. पाच वर्षं दुसरं केलंय काय! पण लाव्हा काटकोनात वळतो का? वळतही असेल. मला काय माहीत? गोंधळून मी तिथेच दगडावर बसले.

तात्या आले. मी उठलेच. "तात्या, माझ्या रिबिनी कुणी काढल्या?"

"मीच काढल्या," ते शांतपणे म्हणाले. "मागं अशाच फिती बांधल्या आन् सा म्हयन्यानं नोटीस आली. पुन्ना न्हाई बांधू द्यायच्या."

राग आला होता, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं तर माणूस घाबरलेला होता. माझ्या लक्षात आलं की काल मी या माणसाला काहीच सांगितलं नव्हतं. दिवसभर त्याच्या जमिनीत हातोडी घेऊन फिरले आणि वर 'सर्व्हे आहे' एवढंच. ज्या पट्ट्यात तिपाई उभी राहिली की जमिनी जातात, तिथे!

मी वही त्यांच्यासमोर उघडली. म्हटलं, रस्ता नाही, नोटीस नाही, मी सरकारची नाही. मला नोकरी हवी आहे आणि त्यासाठी या टेकडीतला एक मातीचा थर शोधून द्यायचाय. चार वाजता नकाशा चुकला की माझं काम गेलं. त्यांनी वही उलटसुलट बघितली.

"म्हंजे नुसती माती बघायला आलाय तुमी?"

"हो."

"मंग काल इचारलं तवा सांगायचं की! मला वाटलं, भराव मोजाया आलीय." आणि ते हसायला लागले. "ताई, ही माती हितली न्हाईच. माज्या भावानं प्लॉटिंगसाठी तळेगावाकडनं डंपरनं आनून टाकलीय. दोन पावसाळं झालं. परवानगी न्हवती, म्हनून म्हनलं आज्याच्या काळापास्नं हाय."

माझा विश्वास बसेना. की बसवायचा नव्हता? ते म्हणाले, "उकर की हातभर." मी हातोडीच्या टोकाने उकरलं. आतून सिमेंटच्या गोणीचा निळा तुकडा बाहेर आला.

माझा भ्रंश डंपरमधून आला होता. आणि काटकोन प्लॉटचा होता, माझ्यासारख्याच कुणीतरी आखून दिलेला. असे भराव टाकलेले किती प्लॉट मी स्वतः आखलेत आणि तरी ओळखला नाही, याची लाज वाटली, खरंच वाटली. ज्यांना या कामात यायचंय त्यांना माझा सल्ला: होकायंत्र, जीपीएस, पावलं हे सगळं आठ दिवसांत जमतं. आधी माणसाला आपण कोण ते सांगा, आणि मग माती विचारा.

अकरा वाजले होते. मी खालची सगळी रेषा खोडली. मग खाणीपासून त्याच उंचीवर, आडवी, काट्याकुट्यांतून चालत गेले. तात्याही आले, "हिकडं एक घळ हाय, तितं लाल दिसतंय बगा," म्हणत. दिसलं. आणखी एका ठिकाणी दिसलं. अशा तीन जागा. मधलं सगळं झाडोऱ्यात आणि मातीखाली. बोट ठेवून सांगता येईल असं काहीच नाही.

साडेतीनला कागद समोर घेऊन बसले आणि हात थांबला. तीन तुकडे जोडले तर रेषा पूर्ण होत होती. बाकी तिघांच्या रेषा पूर्ण होत्या, मी डोकावून बघितलं. माझ्या धंद्यात हद्द जुळली नाही तर नकाशाच घेत नाहीत. पण मी ती जमीन पाहिलेली नव्हती. आदल्या दिवशी पाहिलेलीसुद्धा खोटी निघाली होती. शेवटी तीन छोट्या रेघा काढल्या, मध्ये टिंबं दिली, आणि एका मोठ्या भागात तर टिंबंही दिली नाहीत. तिथे लिहिलं: माहीत नाही.

सरांनी कागद घेतला. "कालची रेषा कुठे गेली?"

मी नमुन्याची पिशवी पुढे केली. नियमाप्रमाणे तिच्यावर चिठ्ठी लावली होती: नमुना क्रमांक सतरा, सिमेंटच्या गोणीचा तुकडा, खोली एक हात.

सरांनी पिशवी उजेडात धरली. हसले नाहीत. "काल मी तो चर बघितला होता," म्हणाले. "जंगलात तुमच्या रेषेवर बोअर मारतात. तिथे तुमची रेषा तपासायला मी नसतो." मग टिंबं नसलेल्या मोठ्या भागावर बोट ठेवून विचारलं, "आणि इथे काय आहे?"

"माहीत नाही, सर."

त्यांनी कागदाची घडी केली. मला वाटलं, संपलं.

आठ दिवसांनी फोन आला. दिवाळीनंतर कॅम्पवर या. मी दोनदा विचारलं की नाव बरोबर आहे ना. काय आवडलं, कशाला आवडलं, कुणी सांगितलं नाही, आणि मला अजून नीट कळलेलं नाही. दोन दिवसांत मी एक थर अर्धा शोधला, एक भराव पूर्ण शोधला आणि उन्हाने नाक सोलून घेतलं. स्कूटरचं पेट्रोल, पोहे, चहा धरून सगळा खर्च तीनशेच्या आत. यापेक्षा स्वस्त प्रवास कुणी केला असेल तर कळवा.

त्या संध्याकाळी पप्पांना नकाशाची माझ्याकडे राहिलेली कच्ची प्रत दाखवली. त्यांनी चष्मा लावला आणि वर्कशॉपमधलं ड्रॉइंग बघतात तसा कागद दोन्ही हातांनी ताणून धरला.

"हे टिंबं कशाचे गं?"

"तिथे अंदाज आहे."

"अन् इथं तर काहीच नाही."

"तिथे मला माहीत नाही. तसं लिहिलंय."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ आणला. "माहीत नाही लिहून दिलं, अन् तरी घेतलं तुला?"

"हो."

"आमच्या फॉर्मवर दोनच खाने, पास अन् रिजेक्ट," ते म्हणाले. "तीस वर्षांत कितीदा वाटलं मला, तिसरा असावा." मग कागद नीट घडी करून त्यांनी माझ्या हातात दिला आणि आईला हाक मारली. "अगं, तिकडं विदर्भात थंडी लई असते म्हणे. हिच्यासाठी जाड ब्लँकेट बघावं लागंल."