दहा अक्षरं आधी वाजणारी घंटी

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, हे आधीच लिहून ठेवतो. जुन्या हुबळीत चाळीस वर्षं टाइपरायटर दुरुस्त केले. यंत्र आवाज करतं त्याला कारण असतं. स्क्रू सैल असतो, नाहीतर रबर वाळलेलं असतं. कारणच नाही असं कोणी म्हटलं की मी म्हणायचो, तुम्हाला शोधता आलं नाही असं म्हणा. शाळा चौथीपर्यंतच झाली, तरी या गावात माझ्याएवढं मशीन ओळखणारा दुसरा नव्हता. मोठेपणा म्हणून सांगत नाही... बरं, म्हणूनच सांगतो.

गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली. वेळ सकाळी अकराची, लख्ख उजेडातली.

सून शिल्पा घरात बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. मुलगा बेळगावला नोकरीला, रविवारी येतो. एरवी घरात आम्ही दोघंच. मीटिंग चालू असताना कोण काय बोललं ते टाइप करून घ्यायचं, हे तिचं काम. आणि तिची बोटं म्हणजे पत्र्यावर गारा! माईकमधून तो खडखडाट सगळ्यांना जायचा. वरच्या मॅडमनी बजावलं — आवाज बंद कर, नाहीतर शुक्रवारी गिऱ्हाइकांसमोर तुला बसवता येणार नाही. आणि शुक्रवार नीट पार पडला तरच नोकरी पक्की, असं ठरलेलं.

तिनं लॅपटॉपमध्ये आवाज कापायचं काहीतरी चालू केलं. खडखड गेली, पण तिचे शब्दही अर्धे गिळले जायला लागले. माईक बंद ठेवून टाइप करावं, तर पुन्हा चालू करायला विसरायची आणि एकटीच बोलत बसायची.

मी म्हटलं, “आवाज कापत बसू नये पोरी. जिथं उठतो तिथंच बसवावा.”

“अप्पा, हे तुमचं टाइपरायटर नव्हे.”

“बटणं आहेत की नाही? मग टाइपरायटरच.”

माझ्या पेटीत जाड फेल्टचा, दाबलेल्या लोकरीचा तुकडा होता. माझी बायको शांता कोर्टाबाहेरच्या व्हरांड्यात बसून लोकांचे अर्ज टाइप करायची, तिच्या मशीनखालचा. ती जाऊन सहा वर्षं झाली. मशीन त्याच साली भंगारात दिलं. फेल्ट तेवढा राहिला, मशीनच्या चार पायांचे चार खड्डे त्यावर अजून आहेत. तो मी शिल्पाच्या कीबोर्डखाली घातला. खडखड बसली. तिनं मला हात जोडले.

बुधवारी मीटिंग सुरू झाली. कानात काही घातलेलं तिला सोसत नाही, म्हणून पलीकडचं बोलणं मला शेजारच्या खुर्चीत ऐकू यायचं.

“शिल्पा, तू टाइपरायटर वापरतेस का?” मॅडम म्हणाल्या. “मधेमधे घंटीपण वाजतेय.”

बाकीचे हसले. शिल्पानं दोन्ही हात वर उचलून कॅमेऱ्याला दाखवले.

“अजून येतोय,” मॅडम म्हणाल्या.

आमच्या खोलीत काही आवाज नव्हता. पंखासुद्धा बंद होता.

संध्याकाळी तिनं मला रेकॉर्डिंग लावून दिलं. तीनदा ऐकलं. टाइपरायटरच. शांता काय टाइप करते ते मला वाचता यायचं नाही, इंग्रजी-कन्नड दोन्ही तिलाच यायचं. पण व्हरांड्यात दहाजण एकदम बडवत असले तरी तिचा हात मी ओळखायचो. उजव्या करंगळीचा ठोका जरा मागून पडायचा. इथंही पडत होता.

हाताचं सोडा. म्हाताऱ्याच्या मनाचे खेळ म्हणा. पण घंटी? ओळ संपत आली की घंटी वाजते, तिच्यापुढं पाच-सहा अक्षरं मावतात. शांता गप्पा मारत टाइप करायची आणि कागदाबाहेर जायची, म्हणून तिची घंटी मी दहा अक्षरं आधी वाजेल अशी बसवून दिली होती. मी बोटांवर मोजलं. घंटीनंतर नऊ ठोके... दहा... आठ... दहा. साध्या मशीनवर एवढं मावतच नाही.

“अप्पा, साकु, पुरे झालं,” शिल्पा म्हणाली. “तो फेल्ट काढा. शुक्रवारी माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.”

काढला. त्याजागी टॉवेलची घडी घातली. बुधवारचं रेकॉर्डिंग मॅडमनी पुसून टाकलं, ते गुरुवारी कळलं. शुक्रवारी सकाळी ती चहा ठेवायला आत गेली, तेव्हा मी टॉवेलखाली परत तोच फेल्ट घातला. मुद्दाम. मला अजून एकदा ऐकायचं होतं.

मीटिंग सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील, गिऱ्हाइकांपैकी एकजण म्हणाला, “हा खटखट आवाज कुठून येतोय?”

“शिल्पा!” मॅडम म्हणाल्या. एवढंच.

शिल्पानं टॉवेलचा कोपरा उचलला, खाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. रागावली असती तर चाललं असतं. तिचे डोळे भरले होते.

शांताच्या मशीनला मधेच तेल घालायचं असलं की मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टेबलावर दोनदा ठोकायचो. कोर्टाच्या गोंगाटात तोंडानं सांगून उपयोग नसायचा. ठोकलं की ती बोटं उचलायची. स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात अजून असतो. काढला आणि दोनदा ठोकलं.

“हां, गेला,” तो गिऱ्हाईक म्हणाला.

नोकरी पक्की झाली. शिल्पा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, “अप्पा, आई होत्या का?”

“मला काय ठाऊक,” मी म्हटलं. “जेवू दे.”

कंपनीचा कॉम्प्युटरवाला म्हणे, कुठलातरी दुसरा आवाज मिसळला असेल. घंटी दहा अक्षरं आधी का वाजली, ते त्याला सांगता आलं नाही. मलाही कारण सापडलेलं नाही. नाहीच आहे असं म्हणणार नाही, मला शोधता आलं नाही असं म्हणतो.

फेल्ट अजून कीबोर्डखाली आहे. आता कुणालाच काही ऐकू जात नाही. दर आठवड्याला एखादं रेकॉर्डिंग मी लावून घेतो. एकदा टेबलावर दोनदा ठोकून बघितलं, एकदा तीनदा. काही नाही. थांबायची खूण आमच्यात ठरलेली होती. सुरू करायची कधी ठरवावीच लागली नाही — तेल घालून मी हात काढला की ती आपली आपण सुरू करायची.