न टोचलेली खिडकी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी विडी ओढायला बाहेर जाणारा माणूस. आजही माझा असल्या गोष्टींवर विश्वास बसलाय असं नाही... पण हे माझ्याच बायकोच्या बाबतीत घडलं, आणि माझ्याच हातानं संपलं.

आम्ही तेव्हा कुरुळीत राहायचो. मी सायकलने पिंपरीला कंपनीत जायचो. आमचा लहानगा वसंता तापानं गेला, तेव्हाही मी ओव्हरटाइमवर होतो. त्यानंतर माझी बायको, सुमन, बोलेनाशीच झाली.

चाकणच्या बाजारात रहीमभाई भिंगाची पेटी घेऊन बसत. आत कुठल्याशा परमुलखातल्या रस्त्याचं जुनं छापील चित्र. भिंगातून पाहिलं की रस्ता खोल आत जायचा. चित्रातल्या खिडक्यांना सुईनं भोकं पाडलेली. वरचं झाकण लावून मागचं उघडलं, की उजेड फक्त भोकांतून यायचा, दिवसाची रात्र व्हायची आणि घराघरांत दिवे लागायचे.

सुमननं पाहिलं आणि डोळा काढेचना.

"शेवटच्या घरात वसंता उभा आहे. दिव्यापाशी."

मी पाहिलं. शेवटचं घर काळंच होतं. रहीमभाईंनी चित्र काढून उन्हात धरलं. "ही खिडकी टोचलेलीच नाही, भाऊ. कागद विरलाय, फाटेल म्हणून अब्बांनी सोडली."

मी सुमनला गप्प केलं. पण पुढच्या बाजाराला एक कोथिंबीरवाली म्हातारी पेटीवरून उठता उठता म्हणाली, "त्या शेवटच्या खिडकीतलं पोरगं कुनाचं वो? हसतंय की गुलाम."

मग आम्ही दर बाजाराला जाऊ लागलो. आज त्याचा दात पडलेला दिसला, आज टोपी तिरकी होती... सुमन घरी येईपर्यंत सांगत राहायची. पुन्हा जेवू लागली. मला मात्र काळी खिडकीच. बापाला का दिसू नये?

एकदा सुमन भाजी घेत होती आणि रहीमभाई पेटी माझ्यावर सोपवून नमाजाला गेले. पायातला काटा काढायला मी खिशाला टाचणी लावलेली असे. तिनं मी त्या खिडकीला भोक पाडलं. वाटलं, उजेड आला तर मलाही दिसेल.

दिवा लागला. खिडकी रिकामी होती.

मग सुमन आली आणि वाकली. तिनं पदरानं भिंग पुसून पुन्हा पाहिलं.

"दिवा तर आहे," ती म्हणाली. "तो कुठं गेला हो?"

रहीमभाईंनी नंतर कागद चिकटवून भोक बुजवलं. उपयोग झाला नाही. म्हातारीलाही पुन्हा कुणी दिसलं नाही. भोक नसताना तिथं उजेड कुठून येत होता, दोघींना एकच मूल कसं दिसलं — मला काही उलगडलेलं नाही.

सुमनला वाचता येत नाही, म्हणून तर हे इथे लिहायचा धीर झाला. ती अजून मधूनच विचारते, "माझंच काही चुकलं असेल का हो, म्हणून गेला?"

मी नाही म्हणतो. त्यापुढे तोंड उघडत नाही.